ऊर्मीपुरती जागा

विलास हरकरे यांनी एकोणचाळीस वर्षं कॅल्गरीतल्या तेलाच्या ऑफिसांमध्ये पाइपांचे नकाशे काढले. आधी पेन्सिलीने, मग कॉम्प्युटरवर. कोणता पाइप कशाखालून जाईल, व्हॉल्व्हचं चाक फिरवणाऱ्या माणसाच्या कोपराला किती जागा लागेल, हे ते ठरवत. तो माणूस त्यांनी कधी पाहिला नाही. दूर उत्तरेला, उणे तीस तापमानात, कोणीतरी ते चाक फिरवत असे आणि त्याचं कोपर कशावर आपटत नसे. एवढंच त्यांचं काम, आणि ते त्यांनी चांगलं केलं.

बायको उल्का गेल्यावर सहा महिन्यांनी त्यांनी घर विकलं. तीन बेडरूमचं, बेसमेंटचं, समोर फावड्याने बर्फ काढायला चाळीस फूट लांब ड्राइव्हवे असलेलं घर. त्याऐवजी डाउनटाउनच्या पश्चिमेला अकराव्या मजल्यावर एक स्टुडिओ घेतला. एकच खोली, तीनशे चौरस फूट. खिडकीतून नदी दिसे, म्हणजे नदीवरचा बर्फ दिसे. लोक म्हणाले, विलास, ही काय कोंडवाड्यासारखी जागा घेतलीस. ते म्हणाले, पुरते.

पुरावी म्हणून त्यांनी आधी नकाशा काढला. आलेखाच्या कागदावर, अर्ध्या इंचाला एक फूट. मग नाश्त्याच्या सीरियलचा खोका कापून त्यातून पलंग, टेबल, खुर्ची, पुस्तकांचं कपाट असे तुकडे केले आणि ते नकाशावर सरकवत बसले. पलंगाखाली खण. टेबल भिंतीला मिटणारं. दाराच्या मागे आठ खुंट्या. वॉशरूमच्या आरशामागे औषधं. ओट्यावरच्या कपाटात तळाला मोठी पातेली, त्यांच्या पोटात लहान पातेली, त्यांच्या पोटात वाट्या. हिवाळ्याचे कपडे उन्हाळ्यात सूटकेसमध्ये, उन्हाळ्याचे हिवाळ्यात. प्रत्येक वस्तूला एक जागा होती आणि प्रत्येक जागेत एक वस्तू. तीन आठवड्यांत सगळं बसलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसू लागले.

फक्त तीन खोके बसले नव्हते.

पलंगाचा पायथा आणि स्वयंपाकाचा ओटा यांच्यामध्ये एक पट्टी होती, साडेतीन फूट रुंद. दारापासून खिडकीपर्यंत जायची तीच वाट. ते खोके त्या पट्टीत एकापुढे एक पडून होते. हरकरे त्यांच्या बाजूने अंग चोरून जात. मे महिन्यापासून जात होते.

ऑक्टोबरमध्ये मुलीचा फोन आला. ऊर्मी टोरोंटोला एका बँकेत होती, बेचाळीस वर्षांची, एकटी. आईच्या वर्षश्राद्धाला येणार होती.

"बाबा, आय विल जस्ट गेट अ हॉटेल. तुमच्याकडे जागा कुठे आहे?"

"आहे."

"कुठे? मी व्हिडिओवर पाहिलंय ना. देअर इज नो फ्लोअर."

"फ्लोअर आहे. त्याच्यावर खोके आहेत."

"तुम्ही खाली झोपणार आणि मला पलंग देणार. तुमचे गुडघे बदललेत, बाबा. खाली बसलात तर उठवायला फायर ब्रिगेड बोलवावी लागेल."

"मी पलंगावर. तू खाली. गादी घेतो सहा फुटी."

 "बघू," ती म्हणाली. तिच्या आईचं 'बघू' असंच असे.

फोन ठेवल्यावर हरकऱ्यांनी सीरियलचा नवा खोका रिकामा केला आणि एक तुकडा कापला. तीन इंच लांब, सव्वा इंच रुंद. त्यावर पेन्सिलीने लिहिलं: ऊर्मी. तो पट्टीत ठेवून पाहिला. एका बाजूला एक फूट उरत होता. माणसाला जायला एक फूट पुरतो. खोके गेले तर.

खोक्यांमध्ये डबे होते. दुसऱ्यांचे.

चाळीस वर्षं उल्काच्या घरी गणपती झाला, दिवाळी झाली, संक्रांत झाली. बायका डब्यांतून काही ना काही घेऊन येत. जाताना डबा राहून जाई. सगळे डबे देशातून आणलेले, स्टीलचे, आणि सगळ्यांवर नाव घातलेलं. भांडं विकत घेतलं की दुकानदार त्या टकटक करणाऱ्या मशीनने ठिपक्याठिपक्यांचं नाव घालून देई, तसं. त्यामुळे कोणाचा कोणता हे उल्काला ठाऊक होतं. पण डबा रिकामा परत करायचा नाही, असं तिचं होतं. आणि भरायचा तर बाजारचं काहीतरी कोंबून नाही, त्या घरी आवडेल ते करून. ते करायचं राहून जाई. डबा वरच्या कपाटात जाई. असे सतरा डबे झाले होते.

हरकऱ्यांनी यादी केली. नाव, फोन, पत्ता. उल्काची फोनची वही होतीच, तिच्यात सगळ्या बायका पहिल्या नावाने लावलेल्या. डब्यावरचं नाव वाचायचं, वहीत शोधायचं, खूण करायची. सतराच्या सतरा जुळले. मग त्यांनी साखरेची पिशवी आणली आणि प्रत्येक डब्यात दोन मुठी साखर घातली. त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं.

गाडी त्यांनी विकली होती, म्हणून राजन सबनीसला बोलावलं. ऑफिसातला जुना मित्र. त्याने गाडीच्या मागच्या सीटवर डबे रचताना शिट्टी वाजवली.

"विलास, वहिनींनी भांड्यांचं दुकान काढलं होतं का रे?"

"राहून गेलेत लोकांचे."

"आणि हा? 'शोभा रा. सबनीस'! अरे हा आमच्याच घरचा! ह्या डब्यावरून दोन हजार तीनच्या गणपतीत आमच्याकडे महाभारत झालंय. मी हरवला म्हणून वीस वर्षं ऐकतोय. थांब, शोभाला आत्ता फोटो पाठवतो." त्याने डबा हलवला. "आत काय आहे?"

"साखर."

"मला डायबिटीस आहे आणि तू मला साखर देतोस?"

"रिकामा देत नाहीत."

"ते बायका बघतात रे."

"हो," हरकरे म्हणाले.

राजनने डबा जपून सीटवर ठेवला. त्याने गाडी गरम व्हायला सुरू केली आणि दोघं काचेवरचा बर्फ वितळायची वाट बघत बसले.

दोन शनिवार गेले. दार उघडे, कोणीतरी "अगं बाई" म्हणे, डबा हातात घेई, नावावर बोट फिरवी. काहींचे डोळे भरून येत. हरकरे तोवर यादीवर खूण करत. कोणी आत बोलावलं तर म्हणत, गाडी उभी आहे. दोन डब्यांच्या मालकिणी आता नव्हत्या, ते त्यांनी सुनांना दिले. सुनांनी 'थँक्यू अंकल' म्हटलं.

शेवटचं घर लवाट्यांचं होतं. वायव्येकडच्या वस्तीत, सी-ट्रेनच्या शेवटच्या स्टेशनापासून जवळ. डबा मध्यम, कडा जरा चेपलेल्या, झाकणावर एकच शब्द: नीलिमा. नीलिमा लवाटे ॲप्रनला हात पुसत बाहेर आल्या.

"हा माझा, भाऊजी?"

"नाव आहे तुमचं."

"आहे खरं." त्यांनी डबा उलटसुलट केला. हरकऱ्यांच्या टोपीवर बर्फ पडत होता. "असेल, असेल. इतके डबे गेले आणि आले. आत तरी या."

"गाडी उभी आहे."

घरी येऊन त्यांनी रिकामे खोके घडी करून कचऱ्याच्या खोलीत नेले. पट्टी मोकळी झाली. त्यांनी ती झाडली, पुसली, आणि दारापासून खिडकीपर्यंत सरळ चालत गेले. मग खिडकीपासून दारापर्यंत. आठ पावलं.

ऊर्मी वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आली. पहाटेचं विमान होतं, तिचे डोळे सुजले होते. दारातच तिने बूट काढले, जॅकेट खुंटीला लावलं, सगळीकडे नजर फिरवली. बघायला फार काही नव्हतं.

"वॉव," ती म्हणाली. "बाबा, इट्स लाइक अ शिप."

"ही तुझी जागा." गादी त्यांनी सकाळीच घालून ठेवली होती. वर धुतलेली चादर, कोपरे घट्ट खोचलेले. "सहा फूट. तू पाच पाच."

तिने गादीकडे पाहिलं.  मग म्हणाली, "हॉटेल बुक केलंय मी. सहापर्यंत कॅन्सल करता येतं. बघू."

"बघ."

त्यांनी चहा केला. ती खुर्चीत बसली, ते पलंगावर. एकच खुर्ची होती. देवळात उद्या किती वाजता जायचं, गुरुजी कोणते, किती माणसं, हे बोलून झालं. मग तिने सूटकेस उघडली आणि एक झिपलॉकची पिशवी काढून ओट्यावर ठेवली. आत चिवडा होता, जरा काळपट.

"मी केलाय. यूट्यूब बघून. शेंगदाणे जळले थोडे." ती उगाच हसली. "आईचा डबा कुठे आहे?"

"कोणता?"

"तो हो. मी टोरोंटोला जाताना ती भरून द्यायची तो. आणि मी एव्हरी सिंगल टाइम रिकामा परत आणायचे. किती बोलायची ती. 'असा रिकामा डबा आणतं का कोणी?' मी म्हणायचे, आई, इट्स अ बॉक्स." तिने पिशवीचा चुरचुरीत कोपरा दाबला. "लास्ट इयरही रिकामाच आणला. ती गेली तेव्हा. मीच वरच्या कपाटात ठेवला. ह्या वेळी म्हटलं भरून ठेवीन त्यात. उद्यासाठी."

हरकरे वरच्या कपाटाकडे पाहत होते. ह्या घरातलं वरचं कपाट; त्यात पातेल्यांच्या पोटात पातेली होती.

"वरच्या कपाटातले डबे लोकांचे होते," ते म्हणाले. "नावं होती सगळ्यांवर. ज्याचे त्याला दिले."

"त्याच्यावर पण नाव होतं. नीलिमा."

"तो लवाट्यांना दिला. नीलिमा लवाटे."

ऊर्मीने त्यांच्याकडे पाहिलं. 

"बाबा," ती हळू म्हणाली, "नीलिमा म्हणजे आई. तिचं आधीचं नाव. लग्नाआधीचं. तुम्हाला माहीत नाही?"

माहीत होतं. नागपूरला, अठ्ठ्याहत्तर साली, ताटात तांदूळ पसरले होते आणि सोन्याची अंगठी हातात धरून त्यांनीच त्यावर नवं नाव लिहिलं होतं. त्या वयात त्यांना आकाशातले शब्द आवडत. उल्का. मंडपातल्या बायका हे कसलं नाव म्हणून कुजबुजल्या होत्या. तांदूळ नंतर कोणीतरी गोळा करून नेले. सासूबाई होत्या तोवर 'नीलू' म्हणत, पत्रातही तसंच लिहीत. त्या एक्याण्णव साली गेल्या. पासपोर्टवर, बँकेत, हॉस्पिटलच्या मनगटावरच्या पट्टीवर, सगळीकडे उल्का. डबा हातात घेऊन त्यांनी नाव वाचलं होतं, वही उघडली होती, 'न' काढला होता, खूण केली होती. हात थांबला नव्हता.

आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, असं त्यांना वाटलं. फ्रिजचा आवाज येत होता. तो बंद पडला तेव्हा आपण तो ऐकत होतो हे त्यांच्या लक्षात आलं.

"रडू नको," ते म्हणाले. पण ऊर्मी रडत नव्हती.

त्यांनी लवाट्यांना फोन लावला.

"वहिनी, तो डबा तुमचा नव्हे."

"मला वाटलंच होतं हो!" नीलिमाताई पलीकडून म्हणाल्या. "माझ्या डब्यांवर 'सौ. लवाटे' असतं, सासूबाईंनी घातलेलं. पण तुम्ही एवढ्या बर्फात दारात उभे, म्हटलं नाही कसं म्हणायचं. मग ही नीलिमा कोण?"

"उल्का."

"म्हणजे?"

"माहेरचं नाव."

पलीकडे कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. "मी ह्यांच्याबरोबर पाठवते," त्या म्हणाल्या.

"नको. मी येतो."

ऊर्मी उठली. "मी येते. उबर करू."

"तू रात्रभर झोपली नाहीस. आडवी हो जरा. ट्रेन आहे मला." बूट घालायला त्यांना वेळ लागला. दार ओढताना त्यांनी पाहिलं, ती अजून ओट्याशी उभी होती, चिवड्याच्या पिशवीची झिप उघडत आणि लावत.

ट्रेनमध्ये गर्दी नव्हती. समोर एक कॉलेजातली मुलगी पाय पोटाशी घेऊन एका सीटवर पूर्ण मावली होती. शेवटच्या स्टेशनापासून लवाट्यांचं घर बारा मिनिटं. फुटपाथवर बर्फ दाबून दाबून काचेसारखा झाला होता. हरकरे पावलं लहान टाकत गेले.

डबा दाराजवळच्या बाकावर तयार होता. झाकणावरून चिकटपट्टी लावलेली. हातात घेतला तर जड लागला.

"वहिनी, रिकामा चालला असता."

"काय बोलता भाऊजी! रिकामा देईन का मी? चकल्या आहेत, कालच केल्यात. गच्च भरलाय, हलणार नाहीत." मग त्यांनी झाकणावरची चिकटपट्टी पुन्हा दाबली. "मला पण लग्नात बदललं होतं, माहितीये? वैदेही. आठ दिवस टिकलं. हाक मारली की मी मागे वळून बघायचे, कोण आलं म्हणून. शेवटी ह्यांनीच नाद सोडला." त्या हसल्या आणि लगेच थांबल्या. "उल्का लगेच वळायची?"

हरकऱ्यांनी आठवून पाहिलं. नागपूरच्या घराचा मागचा दरवाजा आठवला. तिथे दोरीवर साडी होती. साडीमागे कोणीतरी होतं.

"वळत असावी," ते म्हणाले.

परतीच्या ट्रेनमध्ये त्यांनी डबा मांडीवर धरला. ठिपके बोटाला लागत होते. 'नी'ची वेलांटी घासून पुसट झाली होती. बाहेर साडेचारलाच उजेड संपत आला.

दार उघडलं तेव्हा ऊर्मी झोपली होती.

कुशीवर, गुडघे मिटून, एक हात गादीबाहेर. चादरीचा कोपरा सुटला होता. तिचं तोंड जरा उघडं होतं. हरकऱ्यांनी आवाज न करता दार लावलं आणि दारातल्या पायपुसण्यावर उभे राहिले. खुर्ची खिडकीजवळ होती, पलंग गादीच्या पलीकडे. जायला एक फूट ठेवलेला होता.

त्या एक फुटात तिची सूटकेस होती.

सूटकेसचा तुकडा त्यांनी कापला नव्हता. ते तिच्याकडे पाहत राहिले, म्हणजे सूटकेसकडे. ती उचलून ठेवायला पलीकडे जागा होती. पलीकडे जायला ती उचलायला हवी होती. राहिली गादी. पण झोपलेल्या माणसाला ओलांडायचं नसतं. ऊर्मी रांगत होती तेव्हा ते एकदा तिला ओलांडून गेले होते, घाईत, ऑफिसला उशीर झाला म्हणून. उल्काने त्यांना बूट घातलेल्या पायांनी पुन्हा उलटं ओलांडायला लावलं होतं. मुलीची वाढ खुंटते म्हणून. ते हसले होते, पण ओलांडलं होतं.

डबा कुठे ठेवावा म्हणून त्यांनी पाहिलं. ओटा गादीच्या पलीकडच्या टोकाला. दारामागे आठ खुंट्या, आठांवर कपडे. चपलांच्या फळीवर दोन जोड बूट, तिसऱ्याची जागा नव्हती. ह्या डब्यासाठी नकाशात कुठेच काही सोडलेलं नव्हतं. ओट्यावर चिवड्याची पिशवी दिसत होती, नीट झिप लावलेली, फुगलेली.

तिला हाक मारायला हवी होती. हाक मारली असती तर ती उठली असती, बॅग सरकवली असती, डबा उघडला असता आणि तो भरलेला आहे हे तिला दिसलं असतं. मग तिने घड्याळ बघितलं असतं आणि हॉटेलचं काय ते ठरवलं असतं.

स्टोव्हवरच्या घड्याळात पाच दहा झाले होते. बुटांखालचा बर्फ वितळून पायपुसण्यात मुरत होता. जॅकेटच्या आत घाम येऊ लागला तशी त्यांनी चेन खाली ओढली, फार हळू, एकेक दात करत. ऊर्मीने कूस बदलली. तिचा हात फरशीवर पडला, जिथे मे महिन्यापासून खोके होते तिथे. ती उठली नाही.

पाच चाळीस. गुडघे दुखायला लागले. हरकऱ्यांनी पाठ दाराला टेकवली आणि डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला. बाहेरून आणला तेव्हा तो बर्फासारखा होता. आता त्याचा गारवा जाणवत नव्हता. ऊबही नव्हती. तो खोलीइतका झाला होता.

ते तिच्या श्वासाकडे पाहत राहिले. चादर वर येई, खाली जाई. घड्याळात हिरवा आकडा बदलला, सहा झाले, मग सहा एक. त्यांनी हाक मारली नाही.